घाम आमचा, मोजपट्टी कुणाची?

मला लावलेल्या पुस्तकांत थकव्यावर शंभरेक पानं आहेत. त्या पानांवर पळणारा आहे, पोहणारा आहे, सायकल मारणारा आहे, वजन उतरवायला निघालेला साहेब आहे. हमाल नाही. झाडूवाली नाही. पाटी वाहणारी बिगारी बाई नाही. गटारात उतरणारा तर नाहीच नाही. माणसाचं शरीर कसं हलतं, कसं थकतं, कशानं मोडतं याचं शास्त्र म्हणे हे! आणि या देशात ज्यांची शरीरं उगवतीपासून मावळतीपर्यंत हलतात आणि चाळिशी-पन्नाशीत मोडतात, त्यांचा या शास्त्रात पत्ता नाही.

मी हे शास्त्र विद्यापीठात शिकतोय. किनेसिऑलॉजी, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स. वस्तीत विचारतात, म्हंजी पीटीचा मास्तर ना रे? हां, नशीब काढलं तर तेच. चळवळीतले दोस्त मात्र वेगळं विचारतात. त्यांच्या आवाजात जरा कीव असते. माणसं रस्त्यावर मरतायत आणि तू दंडबैठकांचा अभ्यास करतोस? हे सगळं खात्यापित्या घरच्यांचं शास्त्र, सोडून दे. या दोस्तांनाच मला आधी उत्तर द्यायचंय. विद्यापीठाकडं नंतर वळू.

दोस्तांनो, हे शास्त्र जिमखान्यात जन्मलेलं नाही. ते कामगाराच्या अंगावर वाढलं. वाढल्यावर त्यानं कामगाराला दारातून हाकललं, ही गोष्ट वेगळी.

१९५३ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी साप्ताहिकात जेरी मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. हा मॉरिस म्हणजे गरीब स्थलांतरितांचा पोरगा. लंडनच्या दुमजली बसेस त्यानं निवडल्या. ड्रायव्हर पाळीभर बुडावर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. एकाच बसवर, एकाच थरातून आलेली माणसं. हजारो कामगारांची नोंद तपासली तर हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, कंडक्टरांना कमी. चालणाऱ्या शरीराचं हृदय टिकतं, हे आज रस्त्यावरचं पोरही सांगतं. ते पहिल्यांदा आकड्यानं दाखवलं गेलं ते बसच्या जिन्यावर. पुढं १९५६ साली त्याच माणसानं गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरच्या विजारीची कंबर मुळातच मोठी निघाली. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, हे त्यानंच पुढं मांडलं. आपल्याच शोधात खोट काढणारा माणूस मला आवडतो. आपल्या पुढाऱ्यांत असे किती सापडतील, मोजा.

मग अमेरिकेत पॅफेनबार्गर आला. त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतले माल उचलणारे कामगार घेतले. जड काम करणारे हृदयविकारानं कमी मरतात, असं १९७० आणि १९७५ साली लिहिलं. आणि १९७८ साली याच पॅफेनबार्गरनं हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर निबंध लिहिला. कोण जिने चढतो, कोण किती चालतो, कोण कुठला खेळ खेळतो. इकडं मॉरिसनंही १९७३ साली सरकारी बाबूंच्या फुरसतीतल्या व्यायामाकडं मोर्चा वळवलेला. बघता बघता शास्त्र गोदीतून निघालं आणि बंगल्याच्या हिरवळीवर जाऊन बसलं. कारण उघड आहे. तिकडं कंटेनर आला, क्रेन आली, माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरत गेलं. आता तिकडचा प्रश्न बसून राहणाऱ्याचा झाला. तिकडं ते रास्तही असेल. पण आमच्याकडं त्यांचं पुस्तक आलं आणि क्रेन आलीच नाही! पाठीवर पोतं घेतलेल्या बापाचा पोरगा वर्गात बसून 'बैठ्या जीवनशैलीचे धोके' पाठ करतोय, परीक्षेत दहा मार्कांना लिहितोय.

हार्वर्डचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. १९२७ साली तिथं 'थकवा प्रयोगशाळा' निघाली आणि १९४७ साली बंद झाली. या वीस वर्षांत आमच्या विषयाचा पाया घातला गेला, असं पहिल्याच धड्यात सांगतात. ती कुठं होती हे सांगत नाहीत. ती वैद्यकीय कॉलेजात नव्हती, क्रीडांगणाजवळही नव्हती. ती होती हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात. वर मालकांची पोरं धंदा शिकणार, खाली कामगार कसा थकतो याचं मोजमाप. धरणावरच्या मजुरांना उन्हात काय होतं, मिसिसिपीतल्या काळ्या आणि गोऱ्या बटाईदारांचं शरीर कसं चालतं, सगळं या लोकांनी मोजलं. म्हणजे घाम कुणाचा आणि हिशोब कुणाच्या वहीत, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तरी मोजलं तर होतं! आमच्या विभागात तेवढंही नाही.

आमच्याकडं काय आहे? स्टेप टेस्ट आहे. तीही तिथलीच, १९४३ची. वीस इंच उंचीचा बाक, मिनिटाला तीसदा चढउतार, पाच मिनिटं. मग बसून नाडी मोजायची. पाच मिनिटांत दीडशे वेळा चढायचं, म्हणजे एकूण शहात्तर मीटर. मोकळ्या अंगानं, बूट घालून, पंख्याखाली. वर्गातली निम्मी पोरं तिसऱ्या मिनिटाला धापा टाकायला लागली. मी नाही लागलो. सरांनी विचारलं, काय करतोस रे? म्हटलं, सुट्टीत भुसार बाजारात बापाच्या टोळीत जातो. ट्रकच्या फळीवरून चढउतार, पाठीवर पन्नास किलो.

तेव्हा सर जे बोलले ते मुद्दाम लिहून ठेवतो. नाव लिहीत नाही, कारण असा माणूस एकच नाही, गल्लोगल्ली आहे. म्हणाले, "तुमच्या लोकांत ते मुळातच असतं. काटकपणा. रक्तातच येतो तो." वर्ग हसला. सरांनी कौतुकच केलं होतं ना!

हे कौतुक कुठून येतं ते बघा. १८४६ साली लंडनच्या हचिन्सननं फुप्फुसाची हवा मोजायचं यंत्र मांडलं, स्पायरोमीटर. ते आमच्या प्रयोगशाळेतही आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लुइझियानातला डॉक्टर कार्टराइट उठला. गुलामगिरीचा कट्टर पाठीराखा. म्हणाला, यंत्र सांगतं की काळ्याचं फुप्फुस गोऱ्यापेक्षा वीस टक्क्यांनी कमी. मग इलाज काय? गोऱ्याच्या धाकाखाली सक्तीचं काम! म्हणजे रक्तात प्राणवायू खेळेल आणि डोकं ताळ्यावर येईल. व्यायामाचं प्रिस्क्रिप्शन म्हणतात ना, त्यातलं हे एक जुनं प्रिस्क्रिप्शन: चाबूक. हा मूर्खपणा त्याच्याबरोबर मेला असं समजू नका. स्पायरोमीटरमध्ये माणसाचा वंश भरायचा आणि त्याप्रमाणे 'नॉर्मल' खाली आणायचा, ही रीत चालूच राहिली. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं वंश न बघणारी सूत्रं वापरा असं सांगितलं ते २०२३ साली. मधली पावणेदोनशे वर्षं काढा. कोळशाची धूळ छातीत भरलेला काळा कामगार यंत्रापुढं बसला, की यंत्र म्हणायचं, तुझ्या वंशाला एवढीच हवा लागते, तू ठणठणीत आहेस, जा कामावर.

आणि काळा हरला की फुप्फुस कमी, जिंकला की टाच लांब! जेसी ओवेन्स पळायला लागला तेव्हा गोरे पंडित त्याच्या पोटरीत आणि टाचेत वंश शोधू लागले. माँटेग्यू कॉब नावाचा काळा शरीररचनाशास्त्रज्ञ होता, हॉवर्ड विद्यापीठात. त्यानं काय करावं? मोर्चा नाही काढला. मोजपट्टी घेतली आणि ओवेन्सची पोटरी, टाच, तळवा मोजला. 'काळ्याची' म्हणून पुस्तकात जी मापं होती ती ओवेन्सला लागूच पडेनात. पोटरी तर 'गोऱ्या' नमुन्याची निघाली! १९३६ साली हे छापून आलं, बर्लिनला ओवेन्सनं चार सुवर्णपदकं मारायच्या आधी. दोस्तांनो, मला हा कॉब पाहिजे. आमच्या वर्गात, आमच्या प्रत्येक वर्गात.

रक्तात असतं म्हणणाऱ्या सरांसाठी एक प्रयोग त्यांच्याच पुस्तकात आहे. १९६६ साली डॅलसमध्ये पाच तरण्या पोरांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. उठल्यावर मोजलं तर शरीराची प्राणवायू वापरायची कमाल ताकद साधारण चौथ्या हिश्शानं घटलेली. मग कसून व्यायाम घेतला, ताकद परत आली. तीन आठवड्यांत खाली आणि दोनएक महिन्यांत वर! हा काटकपणा जातीचा असता तर खाटेवर झोपून उतरला असता का? कुणी कशात किती पुढं जाईल यात आईबापाकडून येणारा वाटा असतोच, घराघरात, माणसामाणसात फरक असतो. पण जात हे काही स्नायूचं नाव नाही. बाप रोज ओझं उचलतो म्हणून त्याची पोटरी तशी. आडत्याला तीन महिने पोतं द्या, त्याचीही होईल.

(जाता जाता: आमच्या अभ्यासक्रमात खेळाच्या इतिहासाला ग्रीस आहे, स्पार्टा आहे, स्वीडनचा लिंग आहे, जर्मनीचा यान आहे. पुण्याच्या मैदानावर रोलर ओढत, साहेबाला तासन्‌तास बॉलिंग टाकत जो तयार झाला आणि १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, त्या बाळू पालवणकरावर एक ओळ नाही. आणि मैदानावर त्याला चहा मिळायचा तो वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. आमचं शरीर बॉलिंगला चाललं, तंबूत चाललं नाही.)

आता ओझ्याचं गणित सांगतो. हे मला वर्गातच शिकवलं, पण सायकलच्या सीटची उंची काढायच्या आधी, घाईघाईत. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं, नायोशनं, १९९१ साली वजन उचलायचं एक सुधारलेलं सूत्र काढलं. सगळं मनासारखं असेल, म्हणजे ओझं अंगालगत, कंबरेच्या उंचीवर, पकड चांगली, वळायचं नाही, अधूनमधूनच उचलायचं, तर माणसानं उचलायचं वजन किती? २३ किलो. त्यातून एकेक गोष्ट बिघडेल तसं कमी करत जायचं. मी बापाची थप्पी धरून गणित मांडलं. पोतं जमिनीवर. अंगापासून चाळीस सेंटिमीटर. उचलून खांद्याशी न्यायचं. कंबर पंचेचाळीस अंश वळणार. किती आलं? आठ किलो. दिवसात किती वेळा, हे अजून धरलेलंच नाही. पोतं आहे पन्नासचं. उचलायला दुसऱ्याचा हात लागतो म्हणून निम्मं धरा, तरी तिप्पट. आणि मग पाठीवर घेऊन फळी चढायची. त्याला या सूत्रात रकानाच नाही, सूत्र नुसतं उचलण्यापुरतं आहे.

बापाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आठ किलो? आठ किलोला कोण वाराई देईल का रं?"

बरोबर आहे त्याचं. पण त्यानं शंभर किलोचं पोतंही उचललंय. ते पन्नासवर आलं ते कुणा प्रोफेसरच्या निबंधानं नाही, हमालांनी भांडून आणलं. १९६९चा माथाडी कायदा असाच मोर्चे काढून मिळवलेला. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, कष्ट करणाऱ्याच्या पोटाला किती लागतं ते ओळखून. तेव्हा आमच्यातला एक तरी पोषणाचा पंडित तिथं जाऊन एका हमालाला दिवसाला किती उष्मांक लागतात ते मोजून आला असता, तर किती बरं झालं असतं.

आणि आता तो नेहमीचा टोमणा. दिवसभर घाम गाळतो, त्याला कसला आलाय हृदयविकार? उलट फुकटात व्यायाम! पांढरपेशे हे बोलतात आणि आपलेही बोलतात. मॉरिसच्या कंडक्टरवरून सगळ्यांनी सोयीचा अर्थ काढला. कोपनहेगनला एक लाख चार हजार माणसांवर दहाएक वर्षं नजर ठेवून २०२१ साली अभ्यास छापला गेला. फुरसतीत अंग हलवणाऱ्याला हृदयविकार कमी. कामावर अति जड अंगमेहनत करणाऱ्याला मात्र बसून काम करणाऱ्यापेक्षा ३५ टक्के जास्त. विडी-सिगारेट, शिक्षण, वजन सगळं धरून हिशोब केला, तरी. हालचाल तीच, घाम तोच, मग असं का? अभ्यासक कारणं मांडतात. पळणारा पाऊण तास पळतो आणि थांबतो. हृदय जोरात चालतं, मग रात्रभर आराम, त्या आरामातच ते मजबूत होतं. हमालाचं हृदय आठ-दहा तास वरच्या ठोक्यावर. रक्तदाब चढलेला तो चढलेलाच. वाकून, दम कोंडून उचलायचं. थकल्यावर थांबायचं की नाही ते त्याच्या हातात नाही, मुकादमाच्या हातात. दुसऱ्या दिवशी अंग भरून येण्याआधी परत तेच. आठ तासांच्या कामाला माणसानं आपल्या कमाल ताकदीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भार सरासरीनं घेऊ नये, हा आमच्याच शास्त्रातला जुना आडाखा आहे. तो कुठल्या गाळ्यावर लावलाय? कुठल्या बांधकामाच्या फाटकावर?

माझा बाप बावन्न वर्षांचा. वीस पोती झाल्यावर मी त्याचं मनगट धरलं. नाडी १४८. पाच मिनिटं बसवलं, तरी ११२. टोळीतले हसले, पोरगा वैदू झाला म्हणाले. ही एका माणसाची एका सकाळची नोंद आहे, यावरून शास्त्र होत नाही, हे मला कळतं. शंभर माणसांची शंभर सकाळची नोंद झाली तर होईल. पण तेवढ्यात मुकादम ओरडला, "ए अंगचोरांनो, उठा!" १४८ ठोक्यांवर चाललेल्या माणसाला अंगचोर म्हणतात. आता माझ्याकडं त्याला दाखवायला एक आकडा आहे. आधी बापाकडं नुसती शिवी होती.

चुलता ड्रेनेज खात्यात होता, एका महापालिकेत. तिथं विषारी वायूचं प्रमाण सांगतात हवेत किती, त्यावर. पण बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा ओढतो आणि फावडं मारणारा साठ लिटरपर्यंत, जास्तही. गाळ उपसणाऱ्याच्या छातीत तेच विष आठ-दहा पटीनं जातं. हे पहिल्या सत्राचं फिजिऑलॉजी आहे, बे! १९९३ला कायदा झाला, २०१३ला पुन्हा झाला, माणसं अजून उतरतात आणि मरतात. मेल्यावर म्हणतात, दारू पिऊन उतरला होता. त्या चौकशीत उभं राहून हे साठ लिटर सांगायला आमच्या विभागातून आजवर कोण गेलंय?

म्हणून दोस्तांनो, शास्त्र सोडून दे म्हणू नका. सोडलं तर ते आहे त्यांच्याच हातात राहील. त्यातून ते क्रिकेटवाल्याचा खांदा दुरुस्त करतील, फ्लॅटवाल्यांना ट्रेडमिल विकतील, आणि आमच्या पोरांना जिममध्ये आरशापुढं उभं करून पावडरीचे डबे विकतील. बापाच्या टोळीत पाय ठेवायला लाजणारं पोरगं पैसे भरून तेच वजन उचलतं, हा धंदाही याच शास्त्राच्या नावावर चाललाय. वस्तीतल्या ज्या पोरींना धावता येतं, त्यांना बारावीनंतर या विषयाला पाठवा. पीटीचा मास्तर तर पीटीचा मास्तर.

विद्यापीठाला आम्ही चौघांनी पत्र दिलंय. एम.पी.एड.च्या प्रबंधासाठी कबड्डीपटू आणि धावपटू यांच्या जोडीला हमाल, सफाई कामगार आणि ऊसतोडणीच्या बायका घेता याव्यात. प्रात्यक्षिकाचे निम्मे तास प्रयोगशाळेबाहेर, जिथं काम चालतं तिथं. जी नोंद निघेल ती कामगारांच्या संघटनेला मराठीत लिहून द्यायची, त्यांची परवानगी घेऊन, मालकाला द्यायची नाही. हार्वर्डच्या तळघराचा धडा आम्ही विसरलेलो नाही. अभ्यासमंडळाचं उत्तर आलं, की 'विषयाच्या कक्षेत बसत नाही'. लेखी मागितलंय. लेखी आलं की याच अंकात छापू.

तोवर थांबायचं कारण नाही. नाडी मोजायला अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही. सोमवारी सकाळी आठला भुसार गाळ्यांच्या कट्ट्यावर जमायचं. टोळीशी बोलणं झालंय. मनगटावर तीन बोटं कशी ठेवायची, पंधरा सेकंद मोजून चारनं कसं गुणायचं, ते तिथंच शिकवतो. येताना वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणा. मोबाइलचं चालेल, पण फोटो काढायचे नाहीत.